उघड्या कार्यशाळेचा दिवस

(शाळेच्या यंत्रप्रतिकृती मंडळाच्या वर्धापनदिनी, हीरक महोत्सवी वर्षात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



आपल्या मंडळाचा वर्धापनदिन म्हणजे कार्यशाळेचे दार सर्वांसाठी उघडण्याचा दिवस. टेबलांवर मांडलेल्या वस्तूंना हात लावण्यास येथे मज्जाव नाही, आणि 'हे कसे चालते?' असे विचारल्यास उत्तर शिक्षक देत नाहीत, ती वस्तू करणारा मुलगा किंवा मुलगी देते. ही प्रथा मला फार मोलाची वाटते. माझे बहुतेक आयुष्य वाराणसीत पदार्थविज्ञान शिकविण्यात गेले. पुण्याच्या या शाळेत मी त्या गावाविषयी बोलणार आहे, ते मला तेथील ओढ आहे म्हणून नव्हे. यंत्राची प्रतिकृती का करावी, आणि केल्यावर ती इतरांना उघडून का दाखवावी, या दोन्ही प्रश्नांशी काशीचा, आणि काशीतील एका मराठी माणसाचा, जवळचा संबंध आहे.

त्या माणसाचे नाव बापूदेव शास्त्री. जन्म १८२१ मध्ये, आपल्या पुण्यातच. घराणे मूळचे गोदाकाठच्या टोके या गावचे. लहानपणी ते नागपूरच्या मराठी शाळेत शिकले, आणि तेथेच ढुंढिराज मिश्र यांच्यापाशी त्यांनी भास्कराचार्यांची लीलावती आणि बीजगणित यांचे अध्ययन केले. सीहोर येथील इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांनी त्यांची बुद्धी हेरली. १८४२ मध्ये ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणिताचे अध्यापक झाले आणि पुढे आयुष्यभर काशीचेच राहिले. त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. मराठी शाळेत लीलावती शिकलेला मुलगा काशीच्या पंडितसभेत जाऊन बसला, ही गोष्ट मराठी माध्यमाच्या भवितव्याविषयी चिंता करणाऱ्यांनी मधूनमधून आठवावी. पण आज मला सांगावयाचे आहे ते वेगळेच.

१८६१ मध्ये कलकत्त्याहून एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात बापूदेवांनी केलेला सूर्यसिद्धान्ताचा इंग्रजी अनुवाद होता, आणि विल्किन्सन यांनी केलेला, बापूदेवांनी तपासून सुधारलेला सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायाचा अनुवादही होता. सूर्यसिद्धान्तात एक अध्याय असा आहे की तो वाचताना मला थेट आपली कार्यशाळाच दिसते. शिष्याला विश्वाची रचना समजावी म्हणून गुरूने काय करावे, तर लाकडाचा पृथ्वीगोल घडवावा, त्यातून आरपार दांडा घालावा, बांबूच्या कांबींची वर्तुळे करून विषुववृत्त, क्रांतिवृत्त आणि निरनिराळी अहोरात्रवृत्ते बसवावीत, आणि तो खगोल फिरता करावा. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या ज्योतिषग्रंथात सुताराला आणि बुरुडाला शोभेल असे हे काम गुरूला सांगितले आहे! आकाश नुसते शब्दांनी समजत नाही, हे त्या ग्रंथकाराला पक्के ठाऊक होते.

पण त्याच अध्यायात पुढे एक वळण येते. खगोल आपोआप फिरावा म्हणून पाणी, पारा, दोरे यांची योजना सुचविली आहे, आणि लगेच म्हटले आहे की ही युक्ती गुप्त ठेवावी. स्पष्ट सांगितली तर ती सगळ्या जगाला कळेल. म्हणून ती गुरूकडूनच शिकावी.

या आज्ञेला हसू नये. हत्यार हाती धरण्याची रीत पुस्तकात लिहून येत नाही, ती गुरूजवळ बसूनच येते, इतके त्यात खरे आहे. परंतु 'सगळ्यांना कळेल' हे भय म्हणून सांगितले आहे, आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. गुप्त ठेवलेल्या यंत्राची परीक्षा होत नाही. ते चालत नसले, तरी चालत नाही असे म्हणणारा बाहेरचा माणूस उरत नाही. बापूदेवांनी हा श्लोक वगळला नाही, गुप्ततेच्या आज्ञेसह तो अनुवादून छापला. छापला, त्या क्षणी ती आज्ञा संपली. हे त्यांनी जाणून केले की अनुवादकाच्या प्रामाणिकपणाने सहज घडले, ते मी सांगू शकणार नाही, पण परिणाम एकच.

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात भास्कराचार्यांचा यंत्राध्याय आहे. भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी ११५० चा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. म्हणजे तेही आपल्या घरचेच. त्यांनी एका स्वयंवह चक्राचे वर्णन केले आहे: हलक्या लाकडाचे चाक, त्याचे आरे पोकळ आणि सगळे एकाच बाजूस झुकलेले, आऱ्यांत अर्धा भाग पारा. एकदा फिरविले की ते फिरतच राहील.

आपल्या नववीच्या मुलांनी हे चाक केले आहे. पारा विषारी म्हणून त्यांनी आऱ्यांत छर्रे घातले, हे योग्य केले. ते चाक आज सकाळी मी स्वतः फिरवून पाहिले. दहा-बारा फेरे झाले आणि थांबले. ते करणारा मुलगा थोडा ओशाळला होता, म्हणून येथे मुद्दाम जाहीरपणे सांगते की त्या टेबलावरचे काम मला आज सर्वांत आवडले. चाक थांबते, कारण एका बाजूस छर्रे मध्यापासून दूर जातात हे खरे असले, तरी त्या बाजूस एका वेळी असणाऱ्या छर्ऱ्यांची संख्या कमी असते. हिशेब बरोबर जुळतो, आणि वर घर्षण आपला वाटा घेतच असते. हे मी वर्गात फळ्यावर अनेक वर्षे लिहून दाखविले. या मुलांनी ते चाकालाच विचारले. भास्कराचार्यांनी त्याच अध्यायात सर्व यंत्रांत श्रेष्ठ म्हणून धीयंत्राचा गौरव केला आहे. धीयंत्र म्हणजे हातात एक साधी काठी आणि तिच्यामागे माणसाची बुद्धी. थांबलेल्या चाकापुढे उभे राहून 'का?' असे विचारणारा मुलगा त्यांना आवडला असता, असे मला वाटते.

आता काशीच्या घाटावर जाऊ. दशाश्वमेध घाटाला लागून मानमंदिर घाट आहे. आमेरच्या राजा मानसिंहाने बांधलेल्या तेथील वाड्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा त्याच्या पाच वेधशाळा, त्यांपैकी मथुरेची आता उरलेली नाही. जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते. त्यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. तेही महाराष्ट्रीय होते असे मानले जाते. बापूदेवांनी पुढे याच मानमंदिराच्या यंत्रांचे वर्णन लिहून ठेवले.

जयसिंहाने प्रथम पितळेची सुबक यंत्रे वापरून पाहिली होती, आणि ती त्याला पुरी पडली नाहीत. आकार लहान, म्हणून अंशाचे बारीक भाग पाडता येत नाहीत. आस झिजतो, मध्य सरकतो, यंत्र हलते. म्हणून त्याने चुन्या-दगडाची अचल यंत्रे बांधली. प्रतिकृती करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, कारण आपल्या सर्व अडचणी येथेच सुरू होतात. अंगणात मुलांनी प्लायवुडचे सम्राट यंत्र उभे केले आहे. त्याच्या चापाची त्रिज्या ३० सेंटीमीटर आहे. त्यावर एका मिनिटात छाया जेमतेम १.३ मिलिमीटर सरकते. जयपूरच्या मोठ्या सम्राट यंत्रावर ती एका मिनिटात सहा-साडेसहा सेंटीमीटर सरकते, छाया चालताना डोळ्यांना दिसते. पण मोठे केले म्हणजे सारे साधले, असेही नाही. सूर्य हा बिंदू नव्हे, त्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे आहे. म्हणून छायेची कड धूसर होते, आणि ती धूसरता वेळेच्या हिशेबाने दोन मिनिटांपर्यंत जाते. यंत्र कितीही मोठे बांधा, धूसर पट्टाही त्याच प्रमाणात रुंदावतो. तेथे मग वेध घेणाऱ्याचे कौशल्यच उपयोगी पडते.

या यंत्राची आणखी एक गंमत आहे. त्याची तिरपी भिंत पृथ्वीच्या आसाशी समांतर असावी लागते, म्हणून तिचा कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका असतो. काशीला तो सव्वापंचवीस अंशांहून किंचित अधिक, पुण्याला साडेअठरा अंश. काशीचे मोजमाप घेऊन येथे यंत्र उभारले तर ते खोटे बोलेल. मुलांनी पहिल्या खेपेस पुस्तकातील आकृती तशीच उतरवली होती, असे त्यांच्या वहीत लिहिले आहे. छाया आणि घड्याळ जुळेनात, तेव्हा कारण शोधले, भिंत मोडली आणि पुन्हा केली. ती वही प्रदर्शनात यंत्राच्या शेजारीच ठेवली आहे. पालकांनी ती अवश्य वाचावी.

लहान आकाराच्या याच अडचणीतून जगाचे केवढे काम झाले, त्याचे उदाहरण काशीपासून फार दूरचे, पण सांगितल्याविना राहवत नाही. ग्लासगो विद्यापीठात न्यूकोमेनच्या बाष्पयंत्राची एक प्रतिकृती होती, वर्गात दाखविण्यासाठी केलेली. ती धड चालत नसे. लंडनला दुरुस्तीस पाठवूनही उपयोग झाला नाही. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ती विद्यापीठाच्या उपकरणकाराकडे आली. त्याचे नाव जेम्स वॅट. तिचा सिलिंडर दोन इंच व्यासाचा. काही ठोके देऊन ती बंद पडे, कारण बॉयलर वाफ पुरवू शकत नसे.

कारण भूमितीत आहे. वस्तू सर्व बाजूंनी दहापट लहान केली तर तिचा पृष्ठभाग शंभरावा हिस्सा होतो, पण घनफळ हजारावा हिस्सा. म्हणजे आतील वाफेच्या मानाने थंड होणारा पत्रा दहापट जास्त. मोठ्या यंत्रात जी उधळपट्टी कोळशाच्या ढिगाखाली झाकली जात होती, ती लहान प्रतिकृतीत उघडी पडली. प्रत्येक ठोक्याला सिलिंडर तापवावयाचा आणि लगेच पाण्याने थंड करावयाचा, यात बहुतेक वाफ वाया जाते, हे वॅटने मोजून काढले. मग १७६५ मध्ये वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र ठेवण्याची कल्पना त्याला सुचली. प्रतिकृती बिनबोभाट चालली असती, तर काचेच्या कपाटात शोभा देत राहिली असती.

इंग्लंडात या छंदाची मंडळे शतकाहून अधिक काळ चालत आली आहेत. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये लंडनमध्ये प्रतिकृतिकारांसाठी नियतकालिक काढले आणि त्याच वर्षी तेथे मंडळही स्थापन झाले. खऱ्या वाफेवर चालणारी, मुलांना पाठीवर घेऊन धावणारी छोटी इंजिने ही त्या मंडळांच्या खुल्या दिवसांची खूण. त्यांच्या एका शिस्तीचा मात्र मला आदर वाटतो. नवा बॉयलर आधी पाण्याने पूर्ण भरून, नेहमीच्या दाबाच्या सुमारे दुप्पट दाबाने तपासतात. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे बॉयलर फुटलाच तर पाणी फक्त गळते, स्फोट होत नाही. या परीक्षेचा दाखला नसेल तर पाहुण्यांसमोर विस्तव पेटवावयाचा नाही. आपल्या मंडळाने वाफेचे इंजिन करावयाचे ठरविले, तर हा नियम पहिल्या दिवशी भिंतीवर लावावा.

तोवर जत्रेतील टिनाची फटफट होडी आहेच, तिला कमी लेखू नका. मेणबत्तीने चपट्या डबीतील पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतील पाणी मागे फेकते, मग वाफ थंड होऊन पाणी पुन्हा आत येते. बाहेर जाणारे पाणी एकाच दिशेने धारेसारखे जाते, आत येणारे मात्र चहूकडून येते, म्हणून होडी मागे न जाता पुढे जाते. चार पैशांचे हे खरेखुरे बाष्पयंत्र आहे. पुण्यातील मुलांना कोथरूडचे लघुरेल्वेचे संग्रहालयही ठाऊक असेल. भाऊसाहेब जोशी यांनी ते १९९८ मध्ये लोकांसाठी खुले केले. एका माणसाचा छंद हजारो मुलांचा कसा होतो, ते तेथे दिसते.

वाराणसीत डिझेल इंजिनांचा मोठा कारखाना आहे. तेथून १९६४ मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले, आणि आता विजेची इंजिने होतात. पण प्रतिकृती करणाऱ्यांनी काशीला गेल्यावर आधी कश्मीरीगंज आणि खोजवा या वस्त्यांत जावे. तेथे लाकडी खेळणी करणारे खरादी आहेत. सावंतवाडीची खेळणी पाहिलेल्यांना ते काम ओळखीचे वाटेल. खरादावर लाकूड गरगर फिरत असते, कारागीर पटाशी टेकवतो आणि पाहता पाहता त्यातून बाहुली किंवा सिंदूरदाणी निघते. मग रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडावर चढते, वेगळा विस्तव लागत नाही. लेथ हे प्रतिकृतिकाराचे मुख्य हत्यार. त्याचे व्याकरण त्या खराद्यांच्या बोटांत आहे. गल्लीत उभे राहून कोणीही ते काम पाहू शकतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी उष्णतेचा धडा सुरू करण्यापूर्वी तेथे पाठवीत असे. बहुतेक उशिरा परत येत.

विश्वस्त मंडळींना आता एक विनंती करावयाची आहे, आणि ती समारंभाच्या भाषणात बसत नसली तरी करणार आहे. कार्यशाळेची खोली येत्या जूनपासून स्पर्धा परीक्षांच्या वर्गांना द्यावी असा विचार चालू असल्याचे मला कळले. जागेची टंचाई मला समजते, पालकांचा आग्रहही समजतो. त्या परीक्षांना मी विरोध करीत नाही, माझे कित्येक विद्यार्थी त्यांतूनच पुढे गेले. पण मी पाहिलेल्या एका शाळेची हकीकत सांगते, नाव घेत नाही. तेथे लेथ होता. अपघाताच्या धास्तीने त्याला कुलूप लागले. मग खोलीत जुनी बाके रचली गेली. विज्ञान प्रदर्शन मात्र दरवर्षी भरत राहिले: दुकानातून आणलेले थर्माकोलचे धरण, थर्माकोलचा ज्वालामुखी, आणि शेजारी पाठ केलेली चार वाक्ये. तेथील एका मुलीला मी विचारले, या धरणातून पाणी सोडले तर काय होईल? ती म्हणाली, "बाई, पाणी नका घालू, रंग जाईल."

पाणी घालता येत नाही असे धरण, फिरवता येत नाही असे चाक, ज्याला चूक होण्याची मुभाच नाही असे यंत्र ही सजावट झाली. तिला खोली लागत नाही, हे मला मान्य आहे. परंतु मोडलेली भिंत पुन्हा उभारावयाची असेल, तर कानस, शिकंजा, भुसा सांडायला जमीन आणि अर्धवट काम रात्रभर तसेच ठेवण्यास जागा लागते. दुपारनंतरचे दोन तास, आठवड्यातून तीन दिवस, एवढे जरी या खोलीचे राखून ठेवले आणि उरलेल्या वेळात तेथे वर्ग भरविले, तरी माझी तक्रार नाही. बाके घडीची घेता येतील. त्यांच्या खर्चाचा काही भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, माझा वाटा मी आजच कार्यालयात देऊन जाणार आहे. लेथला कुलूप असावेच, पण किल्ली शिक्षकांच्या खिशात असावी, कपाटात नव्हे.

आता बारा वाजून वीस मिनिटे होत आली. अंगणातील यंत्रापाशी जाण्याची वेळ झाली आहे, म्हणून शेवटी त्याविषयी थोडे सांगते. आपले घड्याळ चालते ते ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर. काशी त्या रेषेच्या अगदी जवळ आहे, म्हणून तेथे घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा यांत रेखांशामुळे दोन मिनिटांचाच फरक पडतो. पुणे पश्चिमेला आहे, येथे सूर्य सुमारे पस्तीस मिनिटे मागे असतो. वर्षभरात सूर्याची स्वतःची चाल कमीअधिक होते, त्याने हा फरक आणखी बदलतो, पण डिसेंबरच्या या शेवटच्या आठवड्यात ती दुरुस्ती नगण्य आहे. तेव्हा घड्याळात साधारण १२ वाजून ३५ मिनिटे होतील तेव्हा येथे खरा मध्यान्ह होईल. छाया पश्चिमेकडील चापावरून उतरत उतरत भिंतीच्या पायाशी येईल आणि पूर्वेकडील चापावर चढू लागेल. सूर्याकडे कोणी थेट पाहू नये. मोठ्यांनी यंत्राच्या दक्षिणेस गर्दी करू नये, ऊन अडते. लहान मुलांना पुढे बसू द्यावे, आणि घड्याळ पाहून मोठ्याने मिनिटे सांगण्याचे काम नववीच्या त्या चाकवाल्या मुलाकडे द्यावे. चला.